मफीबोशेथच्या नावातली लाज

बायबलमधल्या नावांचे अर्थ सांगणारे कोश चाळले, तर मफीबोशेथ या नावापुढे 'लाजेच्या मुखातून', 'लाज पसरवणारा', 'लाज घालवणारा' अशा नोंदी सापडतात. हे अर्थ एकमेकांशी भांडतात, पण लाज सगळ्यांत आहे, कारण नावाच्या शेवटी येणाऱ्या 'बोशेथ' या हिब्रू शब्दाचा अर्थच लाज. एवढे हाती आले की प्रवचनकाराचे निम्मे काम होते. मफीबोशेथ हा शौल राजाचा नातू आणि योनाथानाचा मुलगा. दोन्ही पायांनी अधू, राज्य गेलेले, लो-दबार नावाच्या आडगावी परक्याच्या घरी आश्रयाला राहिलेला. दावीद राजाने बोलावून घेतल्यावर तो स्वतःला मेलेले कुत्रे म्हणवतो. नावात लाज, नशिबात लाज, आणि शेवटी कृपाळू राजाच्या पंक्तीला कायमचे पान. पापी माणूस आणि दयाळू देव यांचे रूपक इतके तयार मिळाल्यावर ते कोण सोडेल? मराठी चर्चमध्येही मफीबोशेथ भेटतो तो बहुधा याच वेषात.

हा अर्थ शब्दकोशाच्या दृष्टीने बरोबर आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने चुकीचा. नावाचा अर्थ सांगताना तो कोणी दिला आणि कधी दिला हे सांगितले नाही, तर सांगणारा अर्धेच सांगतो. या नावातली लाज त्या मुलाची नाही, त्याच्या बापाचीही नाही. ती कित्येक शतकांनंतर हातात लेखणी धरलेल्या कोणा लेखनिकाची आहे.

मुळातली अडचण साधी आहे. योनाथान हा गादीचा वारस. त्याने आपल्या मुलाचे नाव 'लाज' का ठेवावे? दृष्ट लागू नये म्हणून वाईटसाईट नाव ठेवण्याची रीत अनेक समाजांत असते, तसे काही असेल असे घटकाभर मानू. पण मग मुलाचा चुलता ईश-बोशेथ, म्हणजे 'लाजेचा माणूस', त्याचे काय? हा शौलाच्या मृत्यूनंतर सेनापती अबनेराच्या जोरावर इस्राएलाचा राजा झाला होता. शिवाय शौलाला रिस्पा नावाच्या उपपत्नीपासून झालेल्या एका मुलाचे नावही मफीबोशेथच आहे. एका राजघराण्यात तीन माणसे, आणि तिघांच्या नावात लाज. योगायोगाच्या मानाने हे फारच झाले.

उलगडा बायबलमध्येच आहे, पण तो अशा जागी आहे जिथे सहसा कोणी जात नाही. 'इतिहास' या नावाच्या दोन पुस्तकांपैकी पहिल्याची सुरुवातीची नऊ प्रकरणे म्हणजे निव्वळ वंशावळ्या. तिथे आठव्या आणि नवव्या प्रकरणात बन्यामीन वंशाची यादी आहे. शौलाच्या मुलाचे नाव तिथे एश-बआल आहे आणि योनाथानाच्या मुलाचे मरीब-बआल. शमुवेलाच्या पुस्तकांत जिथे 'बोशेथ' आहे, तिथे या यादीत 'बआल' आहे. ज्याच्या संदेष्ट्यांशी एलियाने कर्मेल डोंगरावर सामना केला, तो हाच बआल.

म्हणजे शौल मूर्तिपूजक होता आणि पोरांना परक्या देवाची नावे देत होता? असा निष्कर्षही घाईचाच ठरेल. 'बआल' हे मुळात विशेषनाम नाही. मालक, स्वामी, नवरा असे त्याचे साधे अर्थ आहेत. मराठीतला 'धनी' इथे चपखल बसतो. गड्याचा तो धनी, बाईचाही धनी, आणि भक्ताने हाक मारली तर देवही. कनानी लोक पावसापाण्याच्या देवाला बआल म्हणत हे खरे, पण इस्राएली माणूसही आपल्या देवाला, यहोवाला, त्याच शब्दाने हाक मारत असे. याचा पुरावा नावांतच आहे. दावीद परागंदा असताना त्याला येऊन मिळालेल्या धनुर्धरांत एकाचे नाव बआल्या आहे, म्हणजे 'यहोवा हाच धनी'. पलिष्ट्यांवर विजय मिळाल्यावर त्या जागेला दावीद बआल-परासीम म्हणतो, आणि कारण सांगतो ते यहोवाने शत्रूची फळी फोडल्याचे. तिथला 'बआल' यहोवाच आहे, दुसरा कोणी नाही. शौलाच्या घरातल्या नावांचीही साखळी पाहावी. योनाथान म्हणजे 'यहोवाने दिलेला'. त्याचा मुलगा मरीब-बआल. त्याचा मुलगा मीखा, हे 'यहोवासारखा कोण?' अशा अर्थाच्या नावाचे आखूड रूप. आजोबा यहोवाचा, नातू यहोवाचा, आणि मधलाच तेवढा धर्म सोडून गेला असे मानायला काही आधार नाही.

मातीतून निघालेले पुरावेही याच बाजूचे आहेत. एला खोऱ्यातल्या खिरबेत कैयाफा इथे २०१२ साली एका मातीच्या रांजणाचे तुकडे सापडले. ते जुळवल्यावर त्यावर कोरलेले नाव वाचता आले: एश-बआल, बेदाचा मुलगा. २०१५ मध्ये हे वाचन प्रसिद्ध झाले. रांजण सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे शौल-दावीदांच्या काळाच्या आसपासचा. हा माणूस शौलाचा मुलगा नव्हे, बापाचे नाव वेगळे आहे. पण त्या काळी त्या मुलखात असे नाव सहज ठेवले जात होते, एवढे त्यातून कळते. दुसरा पुरावा उत्तरेच्या इस्राएल राज्यातल्या शोमरोनचा. १९१० साली तिथे खापरांवर शाईने लिहिलेल्या नोंदी सापडल्या, इ.स.पू. ८व्या शतकातल्या, द्राक्षारस आणि तेलाच्या. या रुक्ष नोंदींत यहोवाच्या नावाची माणसे आहेत आणि बआलाच्या नावाचीही आहेत, आणि त्यांत चक्क एक मरीबआल आहे. उलट दक्षिणेच्या यहूदा राज्यातल्या पुढच्या काळातल्या शेकडो मुद्रा आणि मुद्रांचे ठसे पाहिले तर बआलाची नावे जवळजवळ नाहीतच. दोन राज्ये, दोन काळ, आणि मध्ये कुठेतरी एका साध्या शब्दाला जात चिकटली.

ती कशी चिकटली याचा माग बराचसा लागतो. इ.स.पू. ९व्या शतकात अहाब राजाने सीदोनची राजकन्या ईजबेल केली. तिच्याबरोबर तिचा बआल आला, त्याचे देऊळ आले, पुजारी आले. आता 'धनी' म्हटले की कोणता धनी हा प्रश्न उभा राहिला. पुढच्या शतकात होशेय संदेष्टा याच शब्दाला हात घालतो. इस्राएल ही पत्नी आणि यहोवा हा पती हे त्याचे आवडते रूपक. यापुढे ही पत्नी पतीला 'माझा बआल' म्हणणार नाही, 'माझा पुरुष' म्हणेल, असे तो सांगतो. हिब्रूत दोन्हींचा अर्थ 'माझा नवरा'च. देव तोच, नाते तेच, फक्त हाक बदलायची. तोच होशेय पुढे बआल-पौराच्या प्रसंगाबद्दल बोलताना देवाच्या नावाऐवजी 'बोशेथ' वापरतो. यिर्मयाच्या पुस्तकात तर बोशेथासाठी वेद्या आणि बआलासाठी वेद्या असे दोन शब्द एकाच वाक्यात शेजारी शेजारी येतात. शिवीचा पर्यायी शब्द झाला होता.

मग लेखनिकांनी, किंवा त्याआधी मोठ्याने वाचणाऱ्यांनी, नावांतला बआल काढून तिथे लाज बसवली. वाचणाऱ्यांचा संशय घ्यायला जागा आहे. ग्रीक भाषांतरात कर्मेलच्या गोष्टीत बआलाचे संदेष्टे 'लाजेचे संदेष्टे' म्हणून येतात. नव्या करारात पौल रोमकरांना लिहिताना बआल या पुरुषदेवाला ग्रीक स्त्रीलिंगी उपपद लावतो. पानावर बआल आणि जिभेवर 'लाज', जी ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी आहे, अशी वाचनाची प्रथा मानली तरच हे उमगते. हिब्रू वाचकाला हे नवे नव्हते, यहोवाचे नावही लिहिले जायचे एक आणि वाचले जायचे दुसरे. आदराने एक नाव झाकले, तिरस्काराने दुसरे. गणना या पुस्तकात तर नबो आणि बआल-मौन या गावांच्या नावांपाशी, ही नावे बदलून, अशी नोंदच मजकुरात शिरून बसली आहे. छपाईखान्यातल्या मुद्रितशोधकाची समासातली खूण चुकून पानात छापली जावी, तसे झाले आहे.

या सगळ्या उलगड्याला एक गंभीर आक्षेप आहे. १९७५ मध्ये मत्तीत्याहू त्सेवात या अभ्यासकाने मांडले की 'बोशेथ' ही शिवी नसेलच. अक्कदी भाषेत 'बाश्तु' असा शब्द आहे, त्याचा अर्थ तेज, अब्रू, राखणदार शक्ती, आणि तो माणसांच्या नावांत येतो. मग ईश-बोशेथ म्हणजे 'तेजाचा माणूस' असे खानदानी नावही असू शकते. युक्तिवाद देखणा आहे आणि एका-दोन नावांपुरता तो मान्यही करता आला असता. पण तो गिदोनापाशी अडतो. गिदोनाचे दुसरे नाव यरुब-बआल. ते का पडले याची गोष्ट शास्ते या पुस्तकात सविस्तर आहे, त्याने बआलाची वेदी मोडली म्हणून. बआल काढला तर ती गोष्टच कोसळते. तरी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, सेनापती यवाबाने दावीदाकडे पाठवलेल्या निरोपात, याच माणसाचे नाव यरुब-बेशेथ असे येते. इथे मूळचे काय आणि मागून घातलेले काय याबद्दल शंका राहत नाही. ज्या पुस्तकात एका नावावर हात फिरला, त्याच पुस्तकातली त्याच घाटाची बाकीची नावे अस्सल मानायची, हे मला जड जाते. ग्रीक भाषांतराच्या एका हस्तलिखित परंपरेत मेम्फिबआल असे रूप टिकले आहे, तेही बदलाच्याच बाजूने बोलते.

आतापर्यंतचे बरेचसे १९व्या शतकापासून अभ्यासकांना ठाऊक आहे. मला ज्याकडे लक्ष वेधायचे आहे ती गोष्ट पुढे आहे.

नावातला बआल काढला तर त्याच्या जागी काय घालायचे, याला एकच उत्तर नव्हते. दावीदाला यरुशलेमेत झालेल्या मुलांच्या याद्या बायबलमध्ये तीन ठिकाणी आहेत. 'इतिहास'च्या चौदाव्या प्रकरणात त्यांतला एक मुलगा बआल-यादा आहे, म्हणजे 'धनी जाणतो'. शमुवेलाच्या यादीत तोच मुलगा एल-यादा आहे, 'देव जाणतो'. इथेही बआल खटकला आणि काढला गेला असे दिसते, पण जागा भरली ती देवाने, लाजेने नव्हे. शौलाच्या मुलाचा बआल गेला तेव्हा 'देवाचा माणूस' सहज करता आले असते. केले 'लाजेचा माणूस'. पराभूत राजाच्या घराला शिवी आणि जिंकलेल्या राजाच्या घराला सभ्य दुरुस्ती. बआल-परासीम तर शमुवेलाच्या पुस्तकात जसेच्या तसे आहे. ती दावीदाच्या विजयाची जागा, तिला कोणी लाजेचे परासीम केले नाही.

याला कट म्हणणार नाही. दावीदाच्या मुलाचे उदाहरण एकच आहे, गिदोनाचा शौलाच्या घराशी संबंध नाही, आणि हे हात वेगवेगळ्या काळातले असू शकतात. बआल-परासीमवर नजरही पडली नसेल. पण निष्काळजीपणालाही कल असतो. शमुवेलाची पुस्तके यहूदात जपली गेली, दावीदाच्या वंशजांच्या राज्यात. तिथल्या वाचकाला शौलाच्या घराण्याच्या नावात लाज ऐकू आली तर कानाला खटकत नव्हते, दावीदाच्या मुलाच्या नावात खटकले असते. धर्मशुद्धी म्हणून जे झाले त्यात कोणाची अब्रू स्वस्त हेही ठरत गेले, असे माझे मत आहे.

आणि मग त्या नावाने माणूस वाचायला सुरुवात झाली. प्रवचनातला मफीबोशेथ अधू आहे म्हणून लाजिरवाणा आणि लाजिरवाणा आहे म्हणून अधू, असे एक वर्तुळ तयार होते. गोष्टीत असे काही नाही. पाच वर्षांचा असताना इज्रेलहून बाप आणि आजोबा मेल्याची बातमी आली, दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला. अपघात, तोही राजवट कोसळतानाचा. त्याच्या पायांचा आणि नावाचा संबंध निवेदक कुठेही जोडत नाही. 'मेलेले कुत्रे' हेही दरबारातले लीन बोलणे. दावीदाने स्वतः शौलापुढे हीच उपमा स्वतःला लावली होती, आणि त्यावरून दावीदाच्या नावात कोणी लाज शोधत नाही.

लाजेचा हिशेबच करायचा तर गोष्टीत तो दुसरीकडे निघतो. मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद यरुशलेम सोडून पळतो तेव्हा मफीबोशेथाचा कारभारी सीबा दोन गाढवे, २०० भाकरी, मनुका, फळे आणि द्राक्षारस घेऊन वाटेत हजर होतो, आणि धनी मागेच राहिला, त्याला आजोबाचे राज्य परत हवे आहे, असे सांगतो. दावीद चौकशी न करता सगळी इस्टेट सीबाला देऊन टाकतो. बंड मोडल्यावर मफीबोशेथ सामोरा येतो. राजा गेल्यापासून त्याने पायांची निगा केलेली नाही, मिशा कापलेल्या नाहीत, कपडे धुतलेले नाहीत. सीबाने फसवले, मी लंगडा, एकट्याने काय करणार होतो, असे तो म्हणतो. दावीद काय करतो? जास्त बोलू नकोस म्हणतो आणि जमीन दोघांत अर्धी अर्धी वाटतो. एकजण खोटे बोलतोय हे उघड असताना दिलेला हा निवाडा म्हणजे निवाडा टाळण्याचाच प्रकार. मफीबोशेथ म्हणतो, सगळी त्यालाच घेऊ दे, राजा सुखरूप परतला एवढे पुरे. निवेदक कोणाची बाजू घेत नाही, पण त्या न धुतलेल्या कपड्यांचा तपशील तो उगाच देत नसावा.

ताल्मुद या यहुदी धर्मग्रंथातल्या पंडितांनी हे नेमके हेरले. शब्बात या प्रबंधात एक वचन आहे, त्याचा आशय असा: दावीद 'तू आणि सीबा जमीन वाटून घ्या' म्हणाला त्याच वेळी आकाशवाणी झाली की रहबाम आणि यराबाम राज्य वाटून घेतील. शलमोनानंतर राज्याची दोन शकले झाली त्याचे मूळ ते या अर्ध्या निवाड्यात पाहतात. बेराखोत प्रबंधात तर ते नावाचाच अर्थ फिरवतात. तिथे मफीबोशेथ हा दावीदाचा गुरू आहे, आणि शास्त्राच्या चर्चेत शिष्याच्या चुका दाखवून त्याला लाजवीत असे म्हणून त्याचे हे नाव. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकायची नाही. पण पंडितांना शब्द बदलायचा नव्हताच. 'बोशेथ' लिहिलेले होते, ते तसेच राहिले. लाज कोणाला वाटावी एवढेच त्यांनी बदलले. मला ही चलाखी कोशातल्या 'लाजेच्या मुखातून'पेक्षा अधिक सुजाण वाटते. हा अर्थ नवा आहे आणि अमक्या गुरूने सांगितला, हे तरी ती उघड दाखवते.

खुद्द 'बआल' या शब्दाची पुढची गत गमतीची आहे. ज्याच्यासाठी एवढी खोडाखोड झाली तो शब्द हिब्रूत सुखाने नांदतो आहे. होशेयाने नको म्हटले तरी आजच्या इस्राएलमध्ये बायका नवऱ्याला 'बआली' म्हणतातच, आणि काहीजणी होशेयाचे 'इशी' पसंत करतात, मात्र मूर्तिपूजेच्या भीतीने नव्हे, मालकी नको म्हणून. १८व्या शतकात हसीदी पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्याला सारे बआल शेम तोव म्हणतात, चांगल्या नावाचा धनी. आणि भूमध्य समुद्राच्या पलीकडे, फिनिशियनांनी वसवलेल्या कार्थेजमध्ये, हॅनिबल हे नाव 'बआलाची कृपा' अशा अर्थाचे. योहान म्हणजे 'यहोवाची कृपा'. रोमला हादरवणारा सेनापती आणि बाप्तिस्मा देणारा संत यांची नावे एकाच घडणीची आहेत, देव तेवढे वेगळे.

राहतो प्रश्न 'इतिहास'कारांचा. शमुवेलाच्या पुस्तकांनंतर काही शतकांनी, बाबेलच्या बंदिवासानंतर लिहिणाऱ्या या माणसांनी जुनी नावे का राखली? एक नेहमीचे उत्तर असे की तोवर बआलाची भीती सरली होती. दुसरे, त्यांच्यासमोर शमुवेलाची जी प्रत होती तिच्यात बोशेथ अजून शिरलेच नव्हते, आणि वंशावळी कोणी मोठ्याने वाचत नसल्याने नंतरही त्या वाटेला कोणी गेले नाही. दोन्ही उत्तरे एकत्र नांदू शकतात. मी त्यात एक तिसरी शक्यता मिळवीन. ही यादी बन्यामीनांची आहे, शौलाच्या भाऊबंदांची, आणि शौलाच्या घराण्याची वंशावळ तिच्यात जवळजवळ सारखी दोनदा येते. मरीब-बआलापासून पुढे मीखा, आहाज अशी ती दहाएक पिढ्या चालते आणि उलामाच्या मुलांपाशी थांबते: धनुर्धारी शूर वीर, मुले आणि नातवंडे मिळून १५०. हा हिशेब राज्य गेलेल्या घराण्याने स्वतःच ठेवला असावा. रिस्पाच्या मफीबोशेथला या यादीत जागा नाही. शौलाने ज्यांची माणसे मारली त्या गिबोनकरांचे रक्ताचे देणे फेडायला दावीदाने शौलाच्या वंशातले सातजण त्यांच्या हवाली केले, त्यांत तो होता, आणि त्याचा वंश पुढे चालल्याची नोंद नाही. त्याचे नाव फक्त शमुवेलाच्या पुस्तकात आहे, म्हणून त्याला आईबापांनी काय म्हणून हाक मारली असेल हे ताडून पाहायला दुसरी यादीच उरलेली नाही.